'नॉक झालोय, कव्हर दे!' : पोरांच्या गेमची भाषा घरच्यांनी कशी शिकावी

मागच्या उन्हाळ्यात माझ्या आठवीतल्या मुलानं नवा फोन मागितला. कारण एका शब्दाचं होतं: "लॅग होतंय." आम्ही दुकानात जाऊन किमतीही विचारून आलो. वीस हजारांच्या खाली कुणी बोलेना. मग एका रात्री मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, लॅग होतंय म्हणजे नेमकं काय होतंय ते दाखव. त्यानं दाखवलं. फोनला काही धाड भरली नव्हती. आमचा राउटर आतल्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागे होता. तो हॉलमध्ये आणून ठेवला. फोन अजून तोच चालू आहे.

तेव्हापासून मी हे शब्द एका जुन्या वहीत लिहून ठेवते. आधी नेटवरच्या याद्या वाचून पाहिल्या होत्या. यादीतले शब्द पाठ होतात, पण दारामागून ओरडा आला की एकही कामाला येत नाही. म्हणून माझी पद्धत वेगळी आहे: एकच गेम घ्यायचा, त्याची एकच मॅच सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायची, आणि ज्या क्रमानं शब्द कानावर पडतात त्याच क्रमानं शिकायचे. मी 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', म्हणजे बीजीएमआय, घेतला, कारण आमच्या घरात तोच चालतो. तुमच्याकडे दुसरा असेल तरी निम्मे शब्द तेच निघतील.

आधी नाव

पोरं 'पब्जी' म्हणतात, पण फोनवर दिसतं 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'. मूळ पब्जी मोबाइलवर भारतात २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. क्राफ्टन या कोरियन कंपनीनं जुलै २०२१ मध्ये भारतापुरता हा वेगळा गेम काढला. तोही जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. एवढं होऊनही नाव पब्जीच राहिलं, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे तसं.

हा 'बॅटल रॉयल' जातीचा गेम आहे. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. एकट्यानं खेळलं तर सोलो, दोघं असतील तर ड्युओ, चौघं असतील तर स्क्वॉड. मॅच सुरू होण्याआधी जिथे सगळे जमतात ती लॉबी. लॉबीत मुलाला हाक मारली तर तो खुशाल उठून येतो, कारण तिथे काहीच बुडत नाही. ही पहिली कामाची गोष्ट.

उतरणं आणि लूट

विमानातून कुठे उडी मारायची यावर रोज वाद होतो. पोचिंकी, जॉर्जोपोल, स्कूल ही एरँगल नावाच्या मॅपवरची गावं-ठिकाणं आहेत. जिथे खूप जण एकदम उतरतात ते 'हॉट ड्रॉप'. तिथे उतरलं की दोन मिनिटांत मारामारी आणि बऱ्याचदा दोन मिनिटांत घरी. उतरल्याबरोबर घराघरांत शिरून बंदुका, हेल्मेट, औषधं गोळा करायची, त्याला 'लूट' म्हणतात. हा शब्द आपलाच, इंग्रजांनी इथून उचलून नेला आणि आता गेममधून परत आला.

मला सुरुवातीला वाटायचं की पोरगं मित्राला हजेरी क्रमांक सांगतंय. "फाइव्ह फाइव्ह सिक्स आहे का कुणाकडे?" हा गोळ्यांचा आकार निघाला. एम४१६ नावाच्या बंदुकीला ५.५६ लागतात, एकेएमला ७.६२. दुसरं कोडं होतं "दोनशे दहावर बंदा आहे!" हे. स्क्रीनच्या वरच्या बाजूला होकायंत्राची पट्टी असते, ० ते ३६० अंशांची. चौघंही त्याच पट्टीवरचे अंश बोलतात, म्हणून 'माझ्या डावीकडे' असं म्हणायची गरज पडत नाही. भूगोलाच्या तासाला अक्षांश-रेखांश विसरणारा मुलगा इथे अंश चुकत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

'लेव्हल थ्री' म्हणजे सगळ्यात भक्कम हेल्मेट किंवा जॅकेट. 'स्कोप' म्हणजे बंदुकीवरची दुर्बीण. फोर एक्स म्हणजे चौपट मोठं दिसणार. 'एअरड्रॉप' किंवा नुसता 'ड्रॉप' म्हणजे विमानातून पडणारी पेटी. तिच्यातून लाल धूर निघतो, आत एडब्ल्यूएमसारख्या एरवी न मिळणाऱ्या बंदुका असतात, आणि धूर सगळ्यांनाच दिसत असल्यामुळे पेटीपाशी जाणारा बऱ्याचदा तिथेच आडवा होतो.

झोन: जेवायला बोलावणाऱ्यानं एवढा एक शब्द शिकला तरी पुरे

नकाशावर एक पांढरं वर्तुळ असतं आणि बाहेरून एक निळी भिंत त्याच्याकडे सरकत येते. भिंतीच्या बाहेर राहिलं की जीव हळूहळू कमी होतो. वर्तुळ ठरावीक वेळानं लहान होत जातं, म्हणजे उरलेले सगळे एकमेकांच्या जवळ ढकलले जातात. याला 'झोन' म्हणतात. "झोन येतोय, पळ" हे वाक्य दर मॅचला ऐकू येतं.

आता याचा घरगुती उपयोग. एरँगलची पूर्ण मॅच साधारण अर्ध्या तासाची असते. पहिले झोन सावकाश सरकतात, शेवटचे भराभर. म्हणून मी हल्ली "बंद कर तो फोन" म्हणत नाही, "कितवा झोन?" असं विचारते. दुसरा-तिसरा म्हणाला तर अजून पंधरा-एक मिनिटं आहेत, पोळ्या लाटायला घ्यायच्या. सहावा म्हणाला तर ताटं मांडायला हरकत नाही. त्यालाही कळतं की आई फसणार नाही, कारण वर्तुळ किती लहान झालंय ते स्क्रीनवर कुणालाही बघता येतं.

"पॉज कर ना पाच मिनिटं" हे मात्र विसरा. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा गेम स्टार्टचं बटण दाबून थांबवता यायचा. मी मारिओला हवेत लटकत ठेवून दूध आणायला गेलेली आहे. ऑनलाइन मॅचमध्ये बाकीचे नव्व्याण्णव जण खरे असतात, निदान बरेचसे, आणि ते तुमच्या आमटीसाठी थांबत नाहीत. मध्येच उठलं तर रँक घसरते आणि उरलेले तिघं एक माणूस कमी घेऊन लढतात. खरं भांडण होतं ते या तिघांमुळे. मॅच संपेपर्यंत थांबणं हा मुलाच्या बाजूचा मुद्दा मला पटला. मॅच संपल्यावर दुसरी सुरू न करणं हा माझ्या बाजूचा.

जो स्क्रीन सोडून गेला आहे त्याला 'एएफके' म्हणतात. हा शब्द 'अवे फ्रॉम कीबोर्ड', म्हणजे 'कीबोर्डपासून लांब', याचं आद्याक्षरी रूप आहे. मोबाइलला कीबोर्डच नाही, तरी शब्द टिकला.

मारामारीचे शब्द

स्क्वॉडमध्ये जीव शून्यावर आला तरी खेळाडू लगेच मरत नाही. तो गुडघ्यांवर येतो, रांगत राहतो. हा 'नॉक'. साथीदारानं जवळ येऊन दहा सेकंद बसून त्याला उठवलं तर तो 'रिव्हाइव्ह'. त्याआधी शत्रूनं पुन्हा गोळी घातली तर 'फिनिश'. म्हणजे "नॉक झालोय, कव्हर दे, रिव्हाइव्ह दे" याचा अर्थ: मी पडलोय, तिकडून येणाऱ्याला गोळीबारानं अडवून धर आणि मला उठव. हे कळलं की त्या दहा सेकंदांत पोराला हाक मारून काहीही मिळणार नाही हेही कळतं.

'रश' म्हणजे लपून न बसता थेट चालून जाणं. उलट एका कोपऱ्यात दबा धरून बसतो तो 'कॅम्पर'. कॅम्पिंग ही शिवी म्हणून वापरतात, पण नियमात ते बसतं, आणि माझ्या मते झोनचा शोध त्यासाठीच लागला असावा इतका तो कॅम्परच्या मुळावर उठतो. 'फ्लँक' म्हणजे बाजूनं वळसा घालून जाणं. दोन टोळ्या भांडत असताना तिसरीनं येऊन दोघांनाही संपवणं म्हणजे 'थर्ड पार्टी'. आपल्याकडे दोन मांजरं, माकड आणि लोण्याचा गोळा होताच की. 'क्लच' म्हणजे बाकीचे सगळे पडल्यावर एकट्यानं डाव ओढून काढणं. "वन व्ही फोर क्लच" म्हटलं की चौघांविरुद्ध एकटा जिंकला. त्या दिवशी जेवताना तीच गोष्ट तीनदा ऐकायची तयारी ठेवा.

'स्प्रे' म्हणजे बोट न उचलता गोळ्यांचा पाऊस. 'रिकॉइल' म्हणजे त्या वेळी बंदूक वर उसळते ते. एकेएमचं रिकॉइल जास्त, म्हणून नवशिके एम४१६ घेतात. 'सेन्सिटिव्हिटी', लाडानं 'सेन्सी', म्हणजे बोट किती सरकवलं की नजर किती फिरते त्याचं माप. 'जायरो' चालू असेल तर फोन तिरका केला तरी नेम हलतो. मुलगा सोफ्यावर बसून फोनबरोबर स्वतःही झुकतो ते त्यामुळे, पाठीचं दुखणं नाही.

आणि सगळे संपवून शेवटी उरलं की स्क्रीनवर 'विनर विनर चिकन डिनर' येतं. आमच्या शाकाहारी घरात आठवड्यातून तीनदा चिकन डिनर होतं ते असं.

लॅग, पिंग, एफपीएस: इथे घाई करू नका

'लॅग' हा एक शब्द दोन अगदी वेगळ्या दुखण्यांना वापरतात, आणि औषध चुकलं की पैसे जातात. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिलं दुखणं फोनचं. स्क्रीनवरचं चित्र म्हणजे भराभर बदलणारी स्थिरचित्रं. सेकंदाला किती चित्रं, ते 'एफपीएस'. ६० असली तर हालचाल गुळगुळीत दिसते, २० वर आली की जुन्या स्लाइड शोसारखी धक्के खाते. (हीच तीन अक्षरं दुसऱ्या अर्थानंही येतात: बंदूकधाऱ्याच्या डोळ्यांतून जग दिसणाऱ्या गेमच्या प्रकारालाही एफपीएस म्हणतात. संदर्भावरून ओळखायचं.) फोन तापला, खूप ॲप उघडी असली, ग्राफिक्सची पातळी झेपेल त्यापेक्षा वर ठेवली, की एफपीएस पडतात.

दुसरं दुखणं इंटरनेटचं. फोननं पाठवलेला निरोप सर्व्हरपर्यंत, म्हणजे गेम चालवणाऱ्या कंपनीच्या कंप्यूटरपर्यंत, जाऊन उत्तर परत यायला जितका वेळ लागतो तो 'पिंग', मिलिसेकंदांत मोजतात. हे नाव पाणबुडीच्या सोनारवरून आलं आहे. आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी किती वेळानं येतो ते मोजायचं. माइक म्यूस या अमेरिकी प्रोग्रामरनं १९८३ मध्ये नेटवर्क तपासायला त्याच नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला, तिथून ते रुळलं. पिंग पन्नासच्या आसपास असलं तर तक्रार नसते, शंभरला जाणवायला लागतं, दोनशेच्या पुढे गोळी आपण झाडतो आणि लागते कुठे ते देव जाणे. आकडा सतत वर-खाली होत असेल तर ते आणखी वाईट. पोरं मात्र नकाशावर एखादी जागा खूण करून दाखवण्यालाही 'पिंग कर' म्हणतात, तेवढं लक्षात ठेवा.

आता ओळखायचं कसं? मी मुलाबरोबर बसून हे असं केलं:

१. गडबड होते तेव्हा काय दिसतं ते विचारा. सगळं चित्रच अडखळतंय, स्वतःचं माणूस, झाडं, आकाशसुद्धा, तर एफपीएस. आपण नीट पळतोय पण समोरचे एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारतायत, किंवा दार उघडायला दोन सेकंद लागतायत, तर पिंग.

२. स्क्रीनच्या कडेला पिंगचा आकडा दिसत असतो. गडबडीच्या क्षणी तो मोठ्यानं वाचायला सांगा. आमच्याकडे तो चाळीसवरून तीनशेवर उडत होता.

३. वाय-फाय बंद करून दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवर एक मॅच खेळून बघा. त्रास गेला तर दोष घरच्या वाय-फायचा. नाही गेला आणि आकडाही कमीच आहे, तर फोनचा.

४. दोष वाय-फायचा असेल तर आधी राउटर मोकळ्या, उंच जागी आणा. राउटर दोन पट्ट्यांवर चालत असेल तर जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झची पट्टी निवडा. २.४ ची पट्टी भिंतींपलीकडे जास्त पोचते, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटरही तिच्यावरच गर्दी करतात. त्याच वेळी घरात कुणी मोठं काही डाउनलोड करत नाही ना, तेही बघा.

५. दोष फोनचा असेल तर ग्राफिक्स 'स्मूथ'वर आणा, मागची ॲप बंद करा, चार्जिंगला लावून खेळू नका. एवढं करूनही सुधारलं नाही तरच दुकान.

आमची गाडी चौथ्या पायरीवर थांबली.

'तो हॅकर आहे!'

हरल्यावर ऐकू येणाऱ्या दहांतल्या नऊ हॅकरांना नुसतं चांगलं खेळता येत असतं. दहावा खरा असू शकतो. 'एमबॉट' म्हणजे आपोआप नेम धरणारं बाहेरचं सॉफ्टवेअर, 'वॉलहॅक' म्हणजे भिंतीपलीकडचे शत्रू दाखवणारं. असलं काही वापरताना सापडलं तर अकाउंट कायमचं 'बॅन' होतं. मुलानं 'एक ॲप टाकलं की सगळे दिसतात' असं सांगितलं तर ते ॲप फोनमध्ये आणखी काय काय बघतं हा प्रश्न आधी विचारा.

माझ्या पिढीच्या लोकांची इथे गफलत होते. आम्हीही काँट्रा खेळताना कोड घालायचो: वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, बी, ए. तीनाऐवजी तीस लाइफ मिळायच्या. पण तो 'चीट कोड' बनवणाऱ्यांनीच ठेवलेला होता. काँट्रा काढणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांना ग्रेडियस हा गेम १९८६ मध्ये टीव्हीला जोडायच्या घरच्या मशीनवर आणताना तो तपासायलाच इतका अवघड जात होता की त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ही पळवाट केली, आणि ती आतच राहून गेली, पुढे काँट्रातही आली. एकट्यानं खेळायच्या गेममध्ये स्वतःला तीस लाइफ देणं आणि शंभर जणांत बाहेरून शस्त्र आणणं यांना एकच शब्द लावला की मुलगा म्हणतो, "आई, तू पण चीटिंग करायचीस."

चिडवण्याचे बाकीचे शब्द झटपट. 'नूब' म्हणजे नवशिका, हिणवून. 'बॉट' म्हणजे कंप्यूटर चालवतो तो खेळाडू. खालच्या पातळ्यांवर असे खरोखर असतात, आणि माणसाला बॉट म्हटलं की अपमान. 'स्मर्फ' म्हणजे मुरलेला खेळाडू जो नवं अकाउंट काढून नवशिक्यांत घुसतो. १९९६ च्या सुमाराला वॉरक्राफ्ट २ या गेममधल्या अशा दोघांनी निळ्या स्मर्फ कार्टूनमधली नावं घेतली होती, त्यावरून. 'टॉक्सिक' म्हणजे माइकवर घाण बोलणारा. यासाठी माइक बंद करण्याचं आणि 'रिपोर्ट'चं बटण कुठे आहे ते मुलाबरोबर एकदा बघून ठेवा. 'जीजी' मात्र चांगला शब्द आहे, मॅच संपल्यावर 'छान झाला खेळ' म्हणून म्हणतात. कधी कधी कुचकटपणेही.

पैशांचे शब्द

'यूसी' हे बीजीएमआयमधलं चलन, खरे रुपये देऊन घ्यावं लागतं. रुपयांचं आधी यूसी आणि मग यूसीची वस्तू, असा दोन टप्प्यांचा व्यवहार असल्यानं वस्तू नेमकी कितीला पडली ते पटकन कळत नाही. जत्रेत पाळण्याची तिकिटं एकदम घ्यायला लावतात तसंच. मी मुलाला प्रत्येक वेळी रुपयांत सांगायला लावते.

'स्किन' म्हणजे बंदुकीचं किंवा कपड्यांचं रूप. सहसा त्यानं बळ वाढत नाही, नुसता थाट. ज्या गेममध्ये पैसे देऊन बळच विकत मिळतं त्याला 'पे टू विन' म्हणतात, आणि तो मी सरळ काढून टाकते. 'रॉयल पास' म्हणजे ठरावीक मुदतीचं वर्गणीवजा तिकीट, ठरलेली कामं करत गेलं की बक्षिसं उघडतात. यात काय मिळणार ते आधी दिसतं.

'क्रेट' मात्र वेगळं. पैसे द्यायचे, पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब. याच जातीला 'लूट बॉक्स' म्हणतात, आणि जपानी गेममध्ये 'गाचा', नाणं टाकून गोल डबी पडणाऱ्या खेळण्यांच्या मशीनवरून. बेल्जियमच्या जुगार नियामकानं २०१८ मध्ये पैसे घेऊन दिलेले लूट बॉक्स जुगारात मोडतात असं ठरवलं. माझ्या घरात स्किन चालते, पास परीक्षा संपल्यावर चालतो, क्रेट चालत नाही.

'फ्री यूसी'ची लिंक म्हणजे फसवणूक, अपवाद नाही. 'आयडी विकत घेणं' म्हणजे दुसऱ्याचं वरच्या रँकचं अकाउंट पैसे देऊन घेणं. ते नियमाबाहेर आहे, आणि विकणारा मूळ मेलवरून ते परतही खेचू शकतो. मुलाच्या वर्गातल्या एकाचं असंच झालं. पैसे गेले ते गेले, घरी सांगायचीही सोय नव्हती.

पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ ही तिसरीच गोष्ट. त्यांच्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आली आहे. 'ई-स्पोर्ट्स', म्हणजे गेमच्या स्पर्धा, त्याच कायद्यानं वेगळ्या काढून मान्य केल्या. पैसे लावायचं ॲप फोनमध्ये दिसलं तर 'मुलं गेम खेळतातच' म्हणून सोडू नका.

नवा शब्द आला की

दर अपडेटनंतर दोन शब्द हमखास ऐकू येतात. एखादी बंदूक जास्त बळकट केली तर 'बफ', कमजोर केली तर 'नर्फ'. नर्फ हा फोमच्या गोळ्या मारणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांचा ब्रँड. तलवार इतकी बोथट केली की फोमची वाटावी, अशा कुरकुरीतून क्रियापद झालं. फारच जबरदस्त ते 'ओपी'. तेच तेच काम पुन्हा पुन्हा करून बळ जमवणं म्हणजे 'ग्राइंड', रियाज म्हणा हवं तर, फक्त सूर लागत नाही. 'एनपीसी' म्हणजे गेमनंच चालवलेलं बाजूचं पात्र, दुकानदार, वाटाड्या वगैरे. शाळेत हल्ली स्वतःचं डोकं न चालवणाऱ्यालाही एनपीसी म्हणतात. आणि 'ईस्टर एग' म्हणजे बनवणाऱ्यानं आत लपवलेली गंमत. अटारी कंपनी गेमवर प्रोग्रामरचं नाव छापत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी १९८० च्या ॲडव्हेंचर या गेममध्ये एक गुप्त खोली करून आत स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं.

वहीत नसलेला शब्द आला तर मी तीन गोष्टी विचारते: हे कुणी केलं, कुणाला झालं, आणि आता पुढे काय करायचं? अर्थ विचारला की मुलगा "अगं ते असंच असतं" म्हणतो. हे तीन विचारले की अख्खा प्रसंग सांगतो, आणि अर्थ आपोआप बाहेर पडतो. परवा "थर्मल" असं काहीतरी ओरडला. मी पोळपाट सोडून दाराशी गेले आणि पहिला प्रश्न विचारला.

"आई, नंतर सांगतो. सातवा झोन आहे."

मी ताटं घेतली.